बंबाआधी धावते ती वाडी

कोकणात आगीवर आधी वाडी धावते, बंब मागाहून येतो. याचं एक कारण राज्यघटनेच्या दोन अनुसूचींत सापडतं. ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नगरपालिकांसाठी जे १८ विषय नेमले, त्यांत अग्निशमन आहे. जोडीच्या ७३व्या दुरुस्तीने पंचायतींना २९ विषय दिले; त्यांत रस्ते, वीज, बाजार, गुरंढोरं सगळं आहे, आग तेवढी नाही. म्हणून बंब रत्नागिरी-चिपळूणच्या नगरपरिषदेत, नाहीतर लोटे किंवा महाडच्या एमआयडीसीत. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची वाडी तिथून कोसभर नव्हे, कित्येक वळणं लांब.

आग विझवायची विद्या वाडीला कुणी शिकवली नाही. फेब्रुवारीपासून कातळावरचं गवत वाळतं, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि ठिणगी चढ चढत काजूच्या बागेत शिरते. पाणी जवळ नसतंच. ओले टहाळ घेऊन आगीला कडेकडेने झोडायचं, पुढचं गवत कोयत्याने साफ करून पट्टा काढायचा, वारा पडेपर्यंत दम धरायचा. दरवर्षी तरव्याची भाजावळ करणाऱ्यांना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणाऱ्यांना, आग कुठे अडवायची ते ठाऊक असतं. (काही वणवे त्याच भाजावळीतून सुटतात, हेही खरं.)

सरकारी स्वयंसेवक आला तो निराळ्याच कारणांनी. होमगार्ड ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत उभं राहिलं, ते दंगलींच्या काळात. १९६८चा नागरी संरक्षण कायदा शत्रूच्या हल्ल्याचा विचार करून झाला. किनाऱ्यावर त्याचा भर उरण आणि तारापूरवर, म्हणजे तेल-वायू आणि अणुवीज जिथे तिथे. नैसर्गिक आपत्ती त्यात आली ती २००९च्या दुरुस्तीने. गावातल्या स्वयंसेवकांना आपत्तीतल्या मदतीचं प्रशिक्षण देणारी, २०१६ला सुरू झालेली ‘आपदा मित्र’ योजनाही आधी पूरप्रवण ३० जिल्ह्यांपुरती होती. २०२१मध्ये ती ३५० जिल्ह्यांत न्यायचं ठरलं. त्याच वर्षीच्या जुलैत चिपळूण बुडालं, महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली. १२ दिवसांच्या त्या प्रशिक्षणात आग हा अनेक विषयांतला एक.

जर्मनीत गावोगावी स्वयंसेवकांचीच अग्निशमन दलं असतात. इथल्या तरुणाला असं थेट दार नाही. तो होमगार्डमधून किंवा जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षामार्फत आत येतो.

माझ्या मते साधनांची अडचण त्या मानाने कमी आहे. आंब्यावर फवारणी करायचा पंप, लांब पाइप आणि पाण्याचे ड्रम बऱ्याच बागायतदारांकडे असतात. वणवा पेटला की पिकअपवर तेच चढतात, डिझेल बागायतदाराच्या खिशातून.