स्किझोफ्रेनियात सीबीटी आली कुठून?

इंदूरच्या मराठी घरांत कोणी जरा विचित्र वागलं की "याला बाणगंगेला दाखवा" असं सहज म्हणतात, आणि खरंच कोणाला बाणगंगेच्या मेंटल हॉस्पिटलात न्यायची वेळ आली की तेच लोक कुजबुजायला लागतात. एखाद्याला कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येत असतील तर घरच्यांना सल्ला ठरलेला, त्या विषयावर त्याच्याशी बोलूच नका, अजून वाढेल. हा सल्ला काकू-मावश्यांनी काढलेला नाही हो, तो डॉक्टर लोकांकडूनच खाली आलाय. आणि सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, नेमकं उलटं करते: त्याच विषयावर पेशंटशी बोलते आणि त्याचे विचार त्याच्यासोबत तपासून बघते.

असे आवाज आणि भ्रम ज्यात येतात त्या आजाराला स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलरनी १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिलं. १९१३ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्सनी मांडलं की खरा भ्रम (म्हणजे काही केल्या न हलणारी खोटी खात्री) समजून घेताच येत नाही, त्या माणसाच्या आयुष्याशी त्याचा धागा जुळत नाही. पुढच्यांनी याचा सोयीचा अर्थ लावला: मग बोलून काय उपयोग.

१९५२ साल मात्र मजेशीर आहे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर हे डॉक्टर मनोरुग्णांना क्लोरप्रोमॅझीन हे नवं औषध देत होते, आणि तिकडे अमेरिकेत ॲरन बेक नावाच्या तिशीतल्या डॉक्टरने एकाच पेशंटवर एक पेपर छापला. पेशंट माजी सैनिक, एफबीआयची माणसं आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी त्याची खात्री, आणि तशी पन्नासेक माणसं त्याने हेरूनही ठेवलेली. बेकनी "असं काही नाहीये" म्हणून त्याला गप्प केलं नाही, तर एकेका माणसाकडे नीट बघायला लावलं, हा एजंट आहे हे कशावरून, हा नेमकं काय करतोय, आणि यादी गळत गळत दोन-तीन जणांवर आली.

पण बाजी मारली गोळ्यांनी, आणि ते साहजिकच होतं, गोळ्यांनी लोक घरी जायला लागले. बेक डिप्रेशनकडे वळले, सीबीटी त्याच्यासाठीच गाजली, अन् हा पेपर पडून राहिला.

विषय परत निघाला तो ८०-९० च्या दशकांत. नेदरलँड्समध्ये मारियुस रोमे या मनोविकारतज्ज्ञांच्या मागे त्यांची एक पेशंटच लागली की माझ्या आवाजांबद्दल बोला, मग ते दोघं टीव्हीवर गेले, आणि आवाज ऐकणाऱ्या शेकडो लोकांनी संपर्क केला, त्यातले कित्येक तर कधी डॉक्टरकडे न जाता नीट जगत होते! इंग्लंडमध्ये किंग्डन-टर्किंग्टन, मँचेस्टरला टॅरियर, असे बरेच जण सीबीटी स्किझोफ्रेनियासाठी वापरून बघायच्या कामाला लागले. मला सगळ्यात पटतं ते चॅडविक आणि बर्चवुड यांचं १९९४ चं म्हणणं, की त्रास फक्त आवाजाने होत नाही, तो आवाज सर्वशक्तिमान आहे असं वाटण्याने होतो. म्हणजे समजा आवाज म्हणतोय "जेवलास तर आईला काहीतरी होईल", तर थेरपिस्ट आवाज खोटा आहे असं म्हणत बसत नाही, विचारतो की परवा तू दोन घास खाल्लेस ना, मग काय झालं?

२००० मध्ये सेन्स्की वगैरेंनी ९० पेशंटवर चाचणी केली, अर्ध्यांना सीबीटी, अर्ध्यांशी नुसत्या खेळाच्या, छंदाच्या गप्पा. उपचार संपले तेव्हा दोन्ही गट सुधारलेले! फरक दिसला तो पुढे नऊ महिन्यांनी, गप्पावाल्यांची सुधारणा ओसरली, सीबीटीवाल्यांची टिकली. उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००२ मध्ये सीबीटीची शिफारस केली, २०१४ च्या गाइडलाइनमध्ये किमान १६ सेशन सांगितलेत, औषधांच्या जोडीने. आणि त्याच २०१४ मध्ये जौहर वगैरेंनी सगळ्या चाचण्या एकत्र तपासून म्हटलं की फायदा छोटाच आहे, आणि तपासणाऱ्याला कोणाला काय दिलंय ते माहीत नसेल तेव्हा तर अजूनच छोटा. तो वाद अजून चालू आहे, त्यामुळे कोणी गोळ्या बंद करून फक्त थेरपी करू म्हणत असेल तर सावध राहा.

आपल्याला जवळचं काम खरं तर पाकिस्तानात झालंय. मनोविकारतज्ज्ञ फारूक नईम यांनी तिकडच्या लोकांसाठी सीबीटी बदलून घेतली, सेशन कमी केले, घरच्यांना सोबत बसवलं, पीर-फकिराकडे जाऊन आलेल्या पेशंटला त्यावरून झापायचं नाही हेही त्यात आलं. आपल्याकडे २०१८ पासून नवा मानसिक आरोग्य कायदा लागू आहे, उपचाराचा हक्क कागदावर आहे, पण सोळा-सोळा सेशन द्यायचे तर थेरपिस्ट आणायचे कुठून, आणि तेही मराठीत बोलणारे?