हलका फायरवॉल: वजन मोजायचं कुठे?

घरच्या संगणकासाठी हलका फायरवॉल (नेटवरून येणारी-जाणारी कनेक्शन अडवणारा प्रोग्राम) निवडताना मेमरीचा आकडा पाहायची सवय विंडोज एक्सपीच्या काळातली. एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची, शिफारस १२८ची. तेव्हा फायरवॉलने खाल्लेला एकेक एमबी जाणवायचा. झोनअलार्म, सायगेट, केरिओ, ब्लॅकआइस ही तेव्हाची चलती नावं. विंडोजमध्ये पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) गाळायची सर्वांसाठी खुली, एकसमान सोय नव्हती, त्यामुळे प्रत्येक जण नेटवर्कच्या थरात आपापला ड्रायव्हर (विंडोजच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) घुसवायचा. दोन फायरवॉल एकत्र टाकले की ते एकमेकांत अडकायचे आणि ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याचा निळा पडदा) यायचा. काढताना ड्रायव्हर मागे राहिला, तर नेटच बंद.

एक्सपीचा स्वतःचा फायरवॉल २००१ पासून होता, पण तो मुळात बंद असायचा आणि फक्त बाहेरून येणारं कनेक्शन अडवायचा. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) टीसीपी पोर्ट १३५ या नेटच्या क्रमांकित दारातून शिरला. त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, जुलैतच आला होता. पण नवा संगणक नेटला जोडून पॅच उतरवून घेईपर्यंतच लागण होऊन जायची. एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये विटी वर्म तर ब्लॅकआइसमधल्याच त्रुटीतून आत आला आणि डिस्कवर जागोजागी कचरा लिहीत सुटला. जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) पॅच बसताच झोनअलार्मवाल्यांचं इंटरनेट गेलं. जड म्हणायचं ते याला: सिस्टिमच्या पोटात स्वतःची यंत्रणा.

खरा बदल एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाने केला. त्यात 'विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म' आला, म्हणजे गाळणी विंडोजचीच आणि बाकीच्यांनी फक्त नियम द्यायचे. बाहेर जाणारं कनेक्शनही अडवता येऊ लागलं, पण ते मुळात मोकळंच असतं आणि आजही तसंच आहे. टायनीवॉल, सिंपलवॉल, विंडोज फायरवॉल कंट्रोल ही आजची हलकी साधनं याच गाळणीवर चालतात. टायनीवॉल प्रश्न विचारणाऱ्या खिडक्या उघडत नाही, यादीत नसलेलं गुपचूप अडवतो. घरात इतरही संगणक वापरत असतील तर आमची पसंती त्यालाच, कारण सारखी खिडकी उघडली की माणूस न वाचता 'परवानगी द्या' दाबतो.

काहीच टाकायचं नसेल तर फायरवॉलच्या 'अॅडव्हान्स्ड सिक्युरिटी' खिडकीत प्रॉपर्टीज उघडून आउटबाउंड (बाहेर जाणारं) 'ब्लॉक' करा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही प्रोफाइलना हे वेगवेगळं करावं लागतं. डीएनएस आणि डीएचसीपीचे (संगणकाला नेटवर्कमधला पत्ता मिळवून देणाऱ्या सेवेचे) नियम आधीच असतात, ब्राउझरचा आपण लिहायचा: टीसीपी ८० आणि ४४३, शिवाय यूडीपी ४४३. विंडोज अपडेट इथे अडतं, कारण ते एसव्हीसीहोस्ट (svchost.exe) या विंडोजच्या फाइलमधून जातं आणि त्याच फाइलमधून इतर अनेक सेवा चालतात. सगळ्या एसव्हीसीहोस्टला मोकळीक देण्यापेक्षा नियमात नेमकी सेवा निवडून पाहावी. काही प्रोग्राम प्रत्येक आवृत्तीला नवा फोल्डर करतात. नियम जुन्या पाथला (फोल्डरच्या पत्त्याला) चिकटलेला राहतो आणि अपडेटनंतर प्रोग्राम मुका होतो.

सिंपलवॉल आणि विंडोजचा फायरवॉल एकत्र चालतात, मात्र एकाने अडवलेलं दुसऱ्याने सोडलं म्हणून सहसा सुटत नाही. सिंपलवॉल काढायचा झाला तर आधी त्यातले फिल्टर बंद करा. नुसता अनइन्स्टॉल केला तर कायमस्वरूपी लावलेले फिल्टर तसेच राहतात, आणि ते काढायला तोच पुन्हा टाकावा लागतो.