जिवाणूंचा चिकटा आणि खारटपणा

खारट जागी तगणारे बरेच जिवाणू अंगाबाहेर एक बुळबुळीत पदार्थ सोडतात, त्याला बाह्यपेशीय पॉलिमर म्हणतात, लॅबमध्ये मात्र सगळे नुसतं ईपीएस म्हणतात. नागपूरकरांच्या बोटांना हा चिकटा ओळखीचा आहे. मे महिन्यात बोअरच्या पाण्यावर कूलर चालवला की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि टाकीच्या तळाला बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. आपण शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण हिरवं नसेल तर तो बहुतेक जिवाणूंचाच थर असतो.

मिठाचा त्रास दुहेरी. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं तसं पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि वर सोडियम आत शिरून एन्झाइमचं काम बिघडवतो.

चिकट्यात साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, थोडा डीएनए असतो, पण वजनाने बघाल तर बहुतेक पाणीच. अ‍ॅझोटोबॅक्टर, म्हणजे आपण बियाण्याला लावतो तो, अल्जिनेट नावाची साखळी बनवतो, तिच्यावर ऋण भार असतो म्हणून सोडियम तिला चिकटतो. आता याला सगळीकडे 'कवच' म्हणतात ते मला काही पटत नाही, कारण मीठ त्यातून आत जातंच. खरा फायदा असा की भोवतालचं पाणी एकदम उडत नाही, पेशीला वेळ मिळतो, तेवढ्यात ती आधी पोटॅशियम आत घेते आणि मग प्रोलीन, ट्रेहॅलोज, एक्टोइन असली द्रव्यं साठवून आतला दाब सांभाळते.

विदर्भात याचं महत्त्व शेतीला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे खारपाणपट्टा आहे, तिथे सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वाळली की माती दगडासारखी होते. मुळांजवळचा चिकटा कण एकत्र धरून ठेवतो. मात्र साखळ्या बनवायला ऊर्जा लागते, त्यामुळे खारटपणा फारच वाढला की जिवाणूंची वाढ खुंटते आणि चिकटाही कमी होतो.

चिकट्यातल्या साखळ्यांवर सोडियमपेक्षा कॅल्शियम जास्त घट्ट धरला जातो, त्याचे दोन भार शेजारच्या साखळ्यांना एकमेकींत बांधतात आणि अल्जिनेटचं घट्ट जेल होतं. कूलरचा पांढरा थर व्हिनेगरने सुटतो, बुळबुळीला मात्र ब्रशच लागतो.