ॲव्हरेज, घाट आणि डेपोचा सन्मान : बेळगाव सीमाभागातील पार्श्वभूमी

सरकारी वाहनताफा उत्तम सांभाळणाऱ्यांना पुरस्कार द्यायचा म्हटले की चर्चा डिझेलच्या ॲव्हरेजपाशी येऊन थांबते. बेळगाव आणि चिक्कोडी विभागांतल्या बस डेपोंना हा निकष कसा लागू करायचा, हा वाद त्यामुळेच सुटत नाही.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात पुरे. १९४८ मध्ये सरकारी एसटी सुरू झाली तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि बससेवाही तिकडच्या सरकारी खात्याकडे गेली. १९६१ मध्ये त्या खात्याचे महामंडळ झाले. गाड्या कमी, रस्ते कच्चे आणि सुटे भाग दुर्मिळ, अशा त्या दिवसांत मुक्कामाची गाडी पहाटे गावातून वेळेवर निघणे हीच मोठी कामगिरी होती.

मोजमापाला धार आली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७८ मध्ये इंधनबचतीसाठी केंद्र पातळीवर स्वतंत्र संस्था उभी राहिली. राज्यांच्या बस उपक्रमांचा देशपातळीवरचा संघ १९६५ पासून होताच. एका लिटरमागे किती किलोमीटर, एका गाडीमागे दिवसाला किती किलोमीटर, दर १०,००० किलोमीटरमागे किती ब्रेकडाऊन, दर लाख किलोमीटरमागे किती अपघात, टायर किती चालला ही परिमाणे सर्वत्र रुळली आणि त्यांच्यावर पुरस्काराच्या ढाली मिळू लागल्या. अपघाताशिवाय वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या चालकांना पदकेही मिळतात. या सगळ्या सन्मानांत मला तोच सर्वांत निर्मळ वाटतो.

१९९७ मध्ये राज्याच्या महामंडळाचे विभाजन होऊन हुबळीत मुख्यालय असलेले वायव्य विभागाचे वेगळे महामंडळ झाले. तेव्हापासून बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, बागलकोट आणि उत्तर कन्नड यांचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी येऊ लागले. सपाट मुलखातला डेपो आणि खानापूरसारखा जंगलातला डेपो आता एकाच मापाने मोजायचे होते.

ॲव्हरेजचा आग्रह निराधार नाही. रोज ३०० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ५ किलोमीटर देत असेल तर ६० लिटर डिझेल लागते. तेच ५.२ झाले की गाडीमागे सुमारे २.३ लिटर वाचतात, म्हणजे शंभर गाड्यांच्या डेपोत दिवसाला २३० लिटर. एअर फिल्टर वेळेवर साफ करणे, टायरमधली हवा, ब्रेकचे लायनर न घासता फिरणारे चाक, हाफ क्लचवर पाय न ठेवणारा चालक, अशा बारीक कामांतून ते ०.२ येते. हात काळे करणाऱ्या मेकॅनिकची मेहनत कागदावर दिसते ती इथेच.

पण रस्ता कोणता हे तो आकडा सांगत नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडून चोर्ला घाटाकडे जाणारी गाडी चढाला खालच्या गिअरमध्ये डिझेल पिते. पावसाळ्यात कणकुंबीचा पाऊस आणि उखडलेला रस्ता यांची भर पडते. निपाणीची गाडी महामार्गावर सुसाट जाते, तरी तवंदी घाट तिला चुकत नाही. अथणी, रायबागचा मुलूख सपाट आहे, पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे तासन्तास रांगत जावे लागते. देशपातळीवर डोंगरी सेवांचा गट वेगळा असतो, मात्र तो अख्ख्या उपक्रमांसाठी. बहुतेक सपाट मुलखात धावणाऱ्या महामंडळातला एखादा घाटाचा डेपो त्यात बसत नाही.

यावर सुधारणेचा निकष पुढे आला. डेपोची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्याच मागच्या वर्षाशी करायची. इंधनबचतीच्या बक्षिसांत तो वापरला गेला आणि सीमाभागासाठी तोच जास्त न्याय्य आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याच्यावरचा आक्षेपही खरा आहे. गेल्या वर्षी ढिसाळ असलेला डेपो सहज पुढे जातो आणि आधीच नेटका असलेल्याला वाढायला जागा उरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे आकड्याचा दबाव चालकावर येतो. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली की डिझेल वाचते असे वाटते, पण इंजिनचा ब्रेक जातो. घाटात हा जिवाशी खेळ आहे. म्हणून अपघात आणि ब्रेकडाऊनचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ॲव्हरेजची ढाल कुणाला देऊ नये.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादाच्या तणावात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका वाहकाला झालेल्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांच्या गाड्यांच्या आंतरराज्य फेऱ्या थांबल्या. एका गाडीमागे दिवसाचे किलोमीटर काढताना उभी गाडीही भागाकारात येते. कोल्हापूरच्या फेऱ्या बंद पडल्या की निपाणी डेपोचा आकडा घसरतो. यात वर्कशॉपचा दोष काडीचाही नसतो. असे दिवस हिशेबातून वगळावेत, ही मागणी रास्त आहे.

११ जून २०२३ पासून महिलांना राज्यात मोफत प्रवास सुरू झाला आणि गाड्या भरून वाहू लागल्या. भार वाढला, थांबे लांबले, ॲव्हरेजवर ताण आला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. त्यात बसबरोबर तालुक्याच्या खात्यांच्या जीपही आल्या. या जीपना लॉगबुक असते, पण त्यांची निगा नीट राखणाऱ्याची दखल कुठल्याच तक्त्यात घेतली जात नाही.

आता विजेच्या बस येत आहेत. त्यांचे मोजमाप लिटरऐवजी युनिटमध्ये होईल. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत बस खासगी कंपनीची, देखभालही तिचीच आणि मोबदला किलोमीटरमागे, अशी रचना आहे. अशा गाडीच्या ब्रेकडाऊनची नोंद डेपोच्या नावावर धरायची की ठेकेदाराच्या, हे पुरस्काराच्या निकषांत आधीच लिहून ठेवावे लागेल.