स्तंभ अलीकडे, गाव पलीकडे

कोरेगाव भीमाचा जयस्तंभ कोरेगाव भीमात नाही. तो पुण्याहून जाताना भीमा नदीच्या अलीकडे, हवेली तालुक्यातल्या पेरणे गावच्या हद्दीत आहे. कोरेगाव नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात. नगर रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही हे अनेकदा माहीत नसतं. दर १ जानेवारीला स्तंभाला अभिवादन करायला येणाऱ्या गर्दीचा पोलीस बंदोबस्त आखणाऱ्याला मात्र पहिल्यांदा हेच लक्षात ठेवावं लागतं.

लढाई १ जानेवारी १८१८ची. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीचे आठशेच्या आसपास शिपाई शिरूरहून पुण्याकडे येत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी त्यांची गाठ कोरेगावात पडली. दिवसभर गावात झुंज चालली आणि रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. स्तंभाचं काम १८२१ साली सुरू झालं. तो उभारला कंपनीने, स्वतःच्या विजयाची खूण म्हणून. पण त्यावर कोरलेल्या मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावं 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. पुढचा सगळा इतिहास त्या २२ नावांभोवती फिरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी काही जातीच लढण्यालायक असतात असा 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांची नावं दगडावर कोरली, त्यांच्याच नातवंडांना छावणीचं दार बंद! पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले, सभा घेतल्या. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभापाशी आले. तेव्हापासून इथे मानवंदना आणि हक्काची मागणी वेगळी काढता येत नाही. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावरही हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला.

पुण्याच्या कँपातलं राष्ट्रीय युद्धस्मारक लोकवर्गणीतून झालं आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालं. खडकीची युद्धदफनभूमीही अशीच शांत. तिथे आदर म्हणजे हळू बोलणं. जयस्तंभापाशी, पेरणे फाट्यावर आदर निळे झेंडे घेऊन, घोषणा देत, लाखोंच्या संख्येने येतो. पोलिसी दृष्टीने एक 'स्मारक' आणि दुसरा 'जमाव' असं म्हणणं सोपं आहे, पण माझ्या मते चूक तिथेच सुरू होते.

कायद्याचंही पाहा. १९७१चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीताबद्दल बोलतो. युद्धस्मारकाचा त्यात उल्लेख नाही. लंडनमध्ये नोव्हेंबर २०२३मध्ये आंदोलक तोफखान्याच्या स्मारकावर चढले, तेव्हा तिथल्या पोलिसांनीही नुसतं चढणं बेकायदा नाही असंच सांगितलं आणि मग सरकार नव्या कलमाच्या मागे लागलं. आपल्याकडे काम चालतं ते जमावाच्या कायद्यावर. १९५१च्या पोलीस अधिनियमातलं जमावबंदीचं कलम ३७ पुणेकरांना वर्तमानपत्रातून पाठ झालंय. शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १४४, जे जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. याच १९५१च्या कायद्याखालच्या, अहमदाबादच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितलं की, सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल. पण परवानगी सरसकट नाकारण्याचा बेलगाम अधिकार पोलिसांना देता येणार नाही.

२०१८ हे लढाईच्या द्विशताब्दीचं वर्ष. जवळच्या वढू बुद्रुकमध्ये, संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार केले असं ज्यांच्याबद्दल मानलं जातं त्या गोविंद गोपाळ यांच्या समाधीपाशी लावलेल्या फलकावरून डिसेंबरअखेर वाद पेटला होता. १ जानेवारीला दगडफेक, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. फेब्रुवारीत निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढी मिळत राहिल्या.

त्यानंतरचा १ जानेवारी म्हणजे जड वाहनं वळवणं, दूरवर वाहनतळ, तिथून स्तंभापर्यंत पीएमपीच्या बस, ड्रोन आणि समाजमाध्यमांवर नजर. करोनामुळे २०२१ साली लोकांना घरूनच अभिवादन करायला सांगितलं गेलं. मोजक्यांनीच स्तंभाला वंदन केलं. त्याच वर्षी लोणीकंद ठाणं पुणे शहर आयुक्तालयाला जोडलं गेलं. म्हणजे स्तंभ शहर पोलिसांकडे आला आणि शिक्रापूर ठाण्याखालचं कोरेगाव ग्रामीणकडेच राहिलं. एकाच दिवसाचा बंदोबस्त, पूल ओलांडला की अधिकारी वेगळे.