उर्वशी

उर्वशी हे शिंबावंत कुलातलं, म्हणजे चिंच-अशोकाच्या नात्यातलं, अतिशय देखणं आणि क्वचितच दिसणारं झाड. शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस, आणि या प्रजातीत ही एकच जाती आहे. मूळचं ते दक्षिण म्यानमारचं, मार्तबान-तेनासरीम भागातलं. कोकण किनाऱ्यावर जे काही दिसतं ते सगळं लावलेलं, मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत ते पाहायला मिळतं.

झाड साधारण 10-12 मीटर उंच, सदाहरित, पानं मोठी, संयुक्त. कोवळी पालवी तांबूस-तपकिरी रंगाची, मलूल होऊन खाली लोंबते आणि हळूहळू ताठ, हिरवी होते. सीता अशोकाची पालवी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे ओळखीचं वाटेल. फुलोरा मात्र दुसऱ्या कुठल्या झाडाचा म्हणून खपणार नाही. लांब लाल दांड्यांवर फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात, एकेक फूल जवळपास वीतभर, आणि आधी नजरेत भरतात त्या दोन मोठ्या लाल छदिका, म्हणजे फुलाखालची रंगीत पानं, पाकळ्या नव्हेत. पाकळ्या पाच असल्या तरी दोन इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. उरलेल्या तिघींना टोकाशी पिवळा डाग असतो, मधली सगळ्यात रुंद. पुंकेसर 10, त्यातले 9 खाली जुळून नळी होते, एक सुटा. फुलं थोडेच दिवस टिकतात.

शोधाचं श्रेय कुणाचं यावर जुन्या लिखाणात दोन नावं येतात. पहिलं इंग्रज-बर्मी युद्ध 1826 ला संपलं, त्यानंतरच्या वर्षभरात जॉन क्रॉफर्ड या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याला सालवीन नदीकाठी, मार्तबानजवळच्या एका बौद्ध मठाच्या आवारात ही झाडं दिसली, आणि जवळच्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढे याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या असं त्यानं लिहून ठेवलंय. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक 1827 मध्ये तिथे गेला, त्यानं झाड नीट तपासलं आणि 1830 च्या आपल्या ग्रंथात वर्णन छापलं, नाव दिलं गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्टची बायको आणि मुलगी यांच्यावरून. त्यातलं चित्र विष्णुप्रसाद या भारतीय चित्रकाराचं, हे सहसा कुणी सांगत नाही म्हणून इथे मुद्दाम. शास्त्रीय नावाचं श्रेय वॉलिकचं यात वाद नाही, पण पहिली नोंद क्रॉफर्डची धरणं जास्त योग्य वाटतं. आणि खरं तर मठातल्या भिक्षूंनी ते दोघांच्याही आधी जपलेलं होतं. रानात वाढलेलं झाड सापडल्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत, त्यामुळे ते मुळातच दुर्मिळ होतं की जंगलतोडीत संपत गेलं हे ठामपणे म्हणता येत नाही.

युरोपात याचं वेडच लागलं होतं. 1837 मध्ये जॉन गिब्सननं रोप इंग्लंडात चॅट्सवर्थला नेलं, पण इंग्लंडातलं पहिलं फूल फुललं 1849 मध्ये, ईलिंगला लुईसा लॉरेन्स यांच्या काचघरात.

वर्गीकरणात एक गंमत आहे जी कोकणातल्या वाचकांना आवडेल. पूर्वी गुलमोहर, बहावा, अशोक, उर्वशी सगळे एकाच उपकुलात टाकलेले असायचे. 2017 च्या नव्या मांडणीत उर्वशी, सीता अशोक आणि चिंच डेटॅरिऑइडी उपकुलात गेले, गुलमोहर-बहावा मागे राहिले. पुढे 2018 मध्ये याच उपकुलाचे गट पाडले तेव्हा सीता अशोक वेगळ्या गटात पडला आणि उर्वशीच्या गटात आली ती चिंच! दिसायला अशोकाची बहीण वाटते, पण जवळचं नातं परसातल्या चिंचेशी. पालवीच्या साम्यावरून अशोकाशी जवळीक सांगणारे जुने लेख म्हणून जपून वाचावेत.

बर्मा म्हटलं की रत्नागिरीकरांना इंग्रजांनी तिथे कैदेत ठेवलेला बर्माचा थिबा राजा आठवणारच, पण तो रत्नागिरीला आला 1886 मध्ये, आणि त्याच्या कितीतरी आधी उर्वशी कलकत्त्याच्या बागेत रुजलेली होती, तेव्हा दोघांची सांगड घालायचं कारण नाही.

लागवडीला दमट उबदार हवा, अर्धी सावली आणि निचऱ्याची जमीन लागते. कोकणात पाऊस भरपूर, अडचण येते ती नंतरच्या कोरड्या महिन्यांत, म्हणून उघड्या कातळापेक्षा नारळ-सुपारीच्या शिंपणाच्या आगरात ती बरी. शेंगा धरतात फार कमी, बी मिळणं कठीण, त्यामुळे रोपं बहुतेक गुटी कलमानंच करतात आणि नर्सरीत महाग पडतात.