पेशवे दफ्तराचे रुमाल आणि सर जदुनाथ सरकार

पानिपतावरचे कोणतेही अभ्यासू मराठी पुस्तक उघडले की तळटिपांत 'पे. द.' आणि त्यापुढे खंडाचा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. हे म्हणजे 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर', 1930 ते 1934 या काळात निघालेले 45 खंड. संपादक म्हणून नाव रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे. पण हे खंड निघावेत म्हणून सरकारदरबारी ज्यांचा शब्द कामी आला, ते होते बंगालमधले जदुनाथ सरकार. महाराष्ट्रात त्यांचे नाव बहुधा शिवचरित्रावरच्या वादासाठीच निघते. तो वाद खरा आणि महत्त्वाचाही, पण त्यामुळे दफ्तराची गोष्ट झाकली जाते.

सरकारांचा जन्म 10 डिसेंबर 1870 रोजी राजशाही जिल्ह्यातल्या करचमारिया गावी झाला. 1892 मध्ये ते एम. ए. झाले ते इंग्रजी साहित्यात, आणि नोकरीच्या सुरुवातीला शिकवलेही इंग्रजीच. इतिहासाकडे त्यांना ओढले प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीने. मुंबईच्या राजाबाई टॉवरला ज्यांनी पैसा दिला, त्याच प्रेमचंद शेठजींची ही कलकत्ता विद्यापीठातली देणगी. त्या अभ्यासातून औरंगजेबकालीन हिंदुस्थानावरचे त्यांचे पहिले पुस्तक 1901 मध्ये आले. मग पाटण्यात प्राध्यापकी करता करता औरंगजेबाचा पाच खंडांचा इतिहास 1912 ते 1924 या काळात लिहून झाला. फार्सी हस्तलिखिते लंडनपासून जयपूरपर्यंत विखुरलेली होती. त्यांच्या नकला त्यांनी स्वतःच्या खर्चाने करवून घेतल्या.

औरंगजेबाची शेवटची 25 वर्षे दख्खनेत गेली, तेव्हा मराठी कागदांशिवाय पुढे सरकणे शक्यच नव्हते. 1904 च्या सुमारास त्यांचा बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या सेवेत असलेल्या सरदेसायांशी पत्रव्यवहार सुरू झाला. एकाला मराठी साधने हवी होती, दुसऱ्याला फार्सी. हा स्नेह अर्धशतक टिकला. सरदेसाई निवृत्तीनंतर कामशेतला राहू लागले, तेव्हा सरकार तिथे येऊन राहत आणि दोघे मिळून गड आणि रणभूमी पाहायला जात.

पेशवे दफ्तर 1818 नंतर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. इंग्रजांनी ते जपले त्यामागे इतिहासप्रेम नव्हते. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे हे तपासायला त्यांना हे कागद लागत. 1852 पासून इनाम कमिशनने त्यांचा कस लावला. पुढे पुण्यातल्या एलिएनेशन ऑफिसात, म्हणजे इनाम जमिनींच्या कचेरीत, हे हजारो रुमाल ठेवले गेले. रुमाल म्हणजे कागदांची चळत चौकोनी कापडात बांधून केलेले गाठोडे. कोणी आत शिरून जुनी सनद शोधली आणि जमिनीवर दावा ठोकला तर काय, ही धास्ती इंग्रज सरकारला असल्याने अभ्यासकांना दार बंदच राहिले. अपवाद गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेल्या उताऱ्यांचा. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर जे लिहिले ते त्यांच्याच आधारे.

1919 मध्ये इंडियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स कमिशन स्थापन झाले आणि सरकारांना त्यात जागा मिळाली. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा खरा कणा हाच. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरुपद (1926 ते 1928) त्यापुढे लहान वाटते. तिथे पदव्युत्तर शिक्षणाच्या दर्जावरून त्यांचे आशुतोष मुखर्जींच्या अनुयायांशी पटले नाही आणि दोन वर्षांतच ते मोकळे झाले. 1929 मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. याच सुमारास मुंबई सरकारने दफ्तरातून निवडक कागद छापायचे ठरवले. काम सरदेसायांकडे आले आणि सल्ला सरकारांचा राहिला.

पुण्यात हे सर्वांना रुचले नाही, आणि त्याला कारण होते. 1910 मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले होते. त्याआधीपासून राजवाडे घरोघरची दफ्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत होते. ज्यांनी सरकारी मदतीशिवाय वाड्यांच्या माळ्यांवरून कागद उतरवले, त्यांच्याच गावातले सर्वांत मोठे दफ्तर बाहेरच्या सल्ल्याने उघडले जावे, हे त्यांना लागणारच. त्यात सरकारांनी शिवकाळाच्या लेखनात सभासदाची बखर वगळता बहुतेक बखरी मागाहून लिहिलेल्या म्हणून बाजूला सारल्या होत्या.

कागद मोडीत होते हा अडचणीचा अर्धाच भाग. मोडी सरावाने वाचता येते, तारीख मात्र चकवते. पेशवाईतल्या पत्रात वर्ष बहुधा शुहूर सनात, तेही अरबी शब्दांत असते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. हे वर्ष सूर्य मृगात गेला की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलते. म्हणून जून ते डिसेंबरच्या पत्रात 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. 1161 चे पौषातले पत्र 1761 चे, आश्विनातले 1760 चे. महिना मात्र हिजरी चांद्र असतो. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे दिवस, मग जमादिलाखर किंवा रबिलावल. हिजरी वर्ष दरसाल सुमारे 11 दिवस मागे सरकते, त्यामुळे तोच महिना काही वर्षांनी दुसऱ्या ऋतूत येतो. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो आणि संध्याकाळनंतरच्या पत्रात एका दिवसाचा फरक पडू शकतो. घाईच्या खासगी पत्रांत वर्ष नसतेच. मग मजकुरातली माणसे, छावणीचे ठिकाण, पावसाचा उल्लेख यांवरून ते ठरवावे लागते, आणि खंडांत चुका झाल्या त्या मुख्यतः इथे. इंग्रजी कागद जोडीला घेतले तर आणखी एक पेच. इंग्रजांनी 1752 पर्यंत जुनीच, म्हणजे ज्युलियन, दिनगणना चालवली. म्हणून राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख आजच्या गणनेत दहा दिवस पुढे जाते.

खंड निघत असतानाच सरकार मोगल साम्राज्याच्या पतनाचा इतिहास लिहीत होते. दफ्तराचा दुसरा खंड पानिपतच्या पत्रांचाच आहे, आणि सरकारांचा 1754 ते 1771 या काळावरचा दुसरा खंड 1934 चा. भाऊसाहेबांच्या छावणीतून निघालेली पत्रे एका बाजूला, अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताचा फार्सी वृत्तांत दुसऱ्या बाजूला. 'सव्वा लाख बांगडी फुटली' म्हणणाऱ्या समाजापुढे त्यांनी लढणाऱ्या मराठ्यांचा आकडा सुमारे 45,000 आणि अब्दालीचा सुमारे 60,000 ठेवला. बाजारबुणगे आणि यात्रेकरू वेगळे मोजले की बांगड्यांचा आकडा आणि लढवय्यांचा आकडा एकमेकांविरुद्ध उभे राहत नाहीत, हे मात्र वाद घालताना विसरले जाते.

पुढे सरकार आणि सरदेसाई यांनी पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्सची, म्हणजे पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटच्या पत्रव्यवहाराची, माला चालवली. महादजी शिंद्यांवरचा पहिला खंड सरकारांनी स्वतः संपादला आणि तो 1936 मध्ये आला. 19 मे 1958 रोजी सरकार गेले, पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरदेसाई.

45 खंडांची मोठी उणीव निवडीतली आहे. मोहिमा, तह आणि दरबार यांना झुकते माप मिळाले, तर गावचे जमाखर्च, जकात, वतनाचे तंटे बहुतांशी रुमालांतच राहिले. पु. म. जोशी यांनी 1957 पासून नवी माला काढली. अ. रा. कुलकर्णी आणि जपानचे हिरोशी फुकाझावा यांना गावगाड्याच्या अभ्यासासाठी छापील खंड सोडून मोडी कागदांकडेच जावे लागले. ते कागद आजही पुणे पुराभिलेखागारात आहेत. तिथे जाणाऱ्याने मोडीबरोबर शुहूर सनाचे कोष्टकही आधी हाताशी ठेवावे.